गुत्ता, बार आणि खाड्यांची वही

(वैजापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन कपाळांवर आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसल्या. रागवू नका. आयोजकांनीही मला फोनवर दोनदा विचारलं होतं, "सर, शीर्षक हेच ठेवायचं ना?" मी म्हटलं, हेच ठेवा. आपल्याकडं दारूच्या दुकानावर बोलायचं म्हटलं की दोनच वाटा असतात. एक कीर्तनाची, दुसरी हळूच डोळा मारण्याची. मला दोन्ही जमत नाहीत. मी दारूवर बोलणारच नाही. दारूचं दुकान बंद पडल्यावर त्याच्या ज्या आठवणी लिहिल्या जातात, त्या कशा वाचायच्या, यावर बोलणार आहे. आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळं माणसं काय लिहितात आणि काय लिहायचं टाळतात, हे बघायची खोड लागली आहे. आणि या गुन्ह्यात मी स्वतःही आहे. पण ते शेवटी सांगतो.

आधी एक गंमत. पुण्याचे एक पाहुणे माझ्याकडं आले होते. गप्पांत मी सहज म्हणालो, "आमचा शेजारी गुत्तेदार आहे, फार सज्जन माणूस." पाहुणे गप्पच झाले. मग माझ्या लक्षात आलं, त्यांच्या डोळ्यांसमोर भट्टी, पिंपं आणि पोलीस उभे राहिले असणार. इथं बसलेल्यांना सांगायला नको, आपल्या मराठवाड्यात गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार. रस्त्याचं काम घेणारा, तलावाचं काम घेणारा. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. हा शब्दाचा मूळ अर्थ आणि तो आपण जपून ठेवलाय. पूर्वी दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावात देत असे, तो ज्यानं घेतला त्याचा तो गुत्ता. पुढं पश्चिमेकडच्या मराठीत मक्ता विसरला गेला आणि दारूचं दुकान तेवढं उरलं.

मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो. कारण गुत्ता आपोआप उगवत नाही, कुणीतरी तो दिलेला असतो, असं हा शब्दच सांगतो. वरून परवानगी आहे, मधे मक्तेदार आहे, खाली गिऱ्हाईक आहे. त्यानंतर आलेली नावं बघा. पिठा, अड्डा, बार, परमिट रूम. यातल्या परमिट रूमचं तर मला फार कौतुक वाटतं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा. तो कायदा रद्द झालेला नाही, नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं एवढंच. म्हणजे कागदोपत्री आपल्या राज्यात अजून दारूबंदीच आहे आणि प्यायची तर परवाना लागतो. म्हणून ती परमिट रूम. बंदीच्या कायद्यातून दुकानाला नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

आता त्या आठवणींकडं येतो. तुम्ही असे लेख वाचले असतील. दिवाळी अंकात येतात, रविवारच्या पुरवणीत येतात, हल्ली फोनवर तर रोजच येतात. लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड, भायखळा. गिरण्यांच्या भिंतीला लागून एक दुकान. आत बाकडी. गल्ल्यावर बसलेला मालक, त्याला प्रत्येकाचं नाव ठाऊक, गाव ठाऊक, पाळी ठाऊक. उकडलेली अंडी, चणे, भजी, सुका बोंबील. एक पोरगा फडका मारतोय. पाळी सुटल्याचा भोंगा होतो आणि दहा मिनिटांत दुकान भरतं. कुणी कोकणातला, कुणी घाटावरचा, कुणी उत्तरेतला. एक जण रोज रशियाविषयी बोलतो. एक जण कविता म्हणतो. पगार नसला तरी वहीवर लिहून मिळतं. आणि मग शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य हटकून येतं: काळाच्या ओघात ते दुकान बंद झालं, आता तिथं अमुक उभं आहे.

हे लेख खोटे असतात असं मी म्हणत नाही. उलट त्यांतला बराच भाग खरा आहे आणि तो लिहून ठेवला हे चांगलंच झालं. आठ-दहा तास साच्यावर, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात उभा राहिलेला माणूस, जो एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीनं झोपतो, त्याला बसायला जागा कुठं होती? खोलीत पथारी टाकायची पाळी लागायची, तिथं बसून बोलणार कुठं? त्याच्यासाठी गुत्ता ही बैठकीची खोली होती. कोणत्या खात्यात बदली कामगार घेतात, कुणाला ताप आलाय, गावाकडून कुणाच्या हाती निरोप आलाय, हे तिथं कळायचं. युनियनचा माणूसही तिथं यायचा आणि मालकाचाही. हे सगळं मान्य. दारूचं नाव आलं की सगळंच नासकं, असं म्हणणाऱ्यांनी हे लेख जरूर वाचावेत.

माझा आक्षेप त्या शेवटच्या वाक्याला आहे. काळाच्या ओघात.

काळ कुठलं दुकान बंद करतो हो? काळाला काय शटर ओढता येतं? गिरणगावात काय झालं ते तारखेनिशी सांगता येतं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबला. ज्याचं अख्खं गिऱ्हाईकच पगारावर जगतं ते दुकान किती दिवस तग धरणार? वहीवर लिहून देणाऱ्या मालकाची वही भरत गेली. मग 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. त्यात जमिनीचे वाटे ठरले होते, काही मोकळ्या जागेसाठी, काही घरांसाठी. 2001 च्या दुरुस्तीनं ते वाटे चांगलेच आखडले. म्हणजे त्या दुकानाच्या जागी टॉवर कसा आला याचा कागद आहे, त्यावर सह्या आहेत, निर्णय घेणारी माणसं आहेत. आपला हळवा लेखक मात्र एवढं सगळं 'काळ' या दोन अक्षरांत गुंडाळतो. का? नावं घेतली तर लेखाचा सूर बिघडतो म्हणून. हुरहूर लावणाऱ्या लेखात मधेच जमिनीचा हिशेब आला तर वाचकाची तंद्री मोडते.

आणि 'आता तिथं अमुक उभं आहे' याचीही एक गोष्ट आहे. परळची कमला मिल. कवी नारायण सुर्वे यांना रस्त्यावरून उचलून वाढवणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होते, आणि त्यांना आईची माया देणाऱ्या काशीबाई याच कमला मिलमध्ये कामाला होत्या. त्या मिलच्या आवारात पुढं कचेऱ्या आल्या, हॉटेलं आली, गच्चीवरचे पब आले. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर तिथं आग लागली आणि 14 माणसं गेली. ज्या आवारात काशीबाई कामाला जात, तिथं तरुण मुलंमुली वाढदिवस साजरा करायला गेली आणि परत आली नाहीत. तेव्हाही 'बदललेला काळ' यावर बरंच लिहून आलं. बाहेर पडायची वाट अरुंद का होती, यावर त्या मानानं कमी.

जरा बाहेरच्या देशात जाऊन येऊ. असं दुकान म्हणजे काय यावर इंग्रजांइतकं कुणी लिहिलं नसेल. 1930 च्या दशकाच्या शेवटी मास ऑब्झर्व्हेशन नावाच्या गटानं बोल्टन शहरातल्या पबांचा अभ्यास केला. बोल्टन म्हणजे कापडगिरण्यांचंच गाव, आपल्या लालबाग-परळचं सख्खं भावंड म्हणा. ही मंडळी पबात जाऊन बसायची, कोण काय बोलतं, कुठं थुंकतं, ग्लास किती वेळात संपवतं, सगळं टिपून ठेवायची. 1943 मध्ये त्याचं पुस्तक झालं, 'द पब अँड द पीपल'. ते वाचताना एक गोष्ट खटकन लक्षात येते. तिथल्या पबात वेगवेगळ्या खोल्या असत. कामाच्या कपड्यांतले पुरुष जिथं बसत तिथं बाईला प्रवेश नसे. बायका बसत त्या दुसऱ्या, थोड्या नीटनेटक्या खोलीत, आणि तिथं तीच बिअर महाग मिळे. म्हणजे बाई कुठं होती हा प्रश्न त्या लोकांनी निदान विचारला. खोलीचा नकाशा काढायचा ठरवला की तो विचारावाच लागतो.

दुसरं उदाहरण जॉर्ज ऑर्वेलचं. 1946 मध्ये त्यानं एका संध्याकाळच्या दैनिकात छोटासा लेख लिहिला, 'द मून अंडर वॉटर'. आपला आवडता पब कसा आहे ते तो रंगवून सांगतो. शांत, जुन्या बांधणीचा, नावानं ओळखणारी माणसं. आणि शेवटी सांगून टाकतो की असा पब अस्तित्वातच नाही, त्यानं तो मनानं रचलाय. लोक त्या युक्तीचं कौतुक करतात. मला त्यातली दुसरीच जागा महत्त्वाची वाटते. त्या पबामागं बाग आहे, तिथं कुटुंबं येतात, पोरं झोपाळ्यावर खेळतात, आणि ऑर्वेलला ही बाग सगळ्यात जास्त आवडते. कारण तिच्यामुळं बाप एकटा प्यायला गेलाय आणि आई घरी पोर सांभाळत बसलीय, असं होत नाही. बघा, स्वप्नातला पब रचताना त्या माणसाला घरी बसलेली बाई आठवली. आपण खऱ्या गुत्त्याच्या आठवणी लिहितो आणि आपल्याला ती आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, सर, गुत्त्यात बाई नव्हतीच, तर आठवणीत कुठून आणायची? हे अजिबात खरं नाही. दारूबंदीच्या काळात मुंबईत घराघरांत जे अड्डे चालत ते बहुतेक बायकांचेच असत. 'आंटीचा अड्डा' हा शब्द मराठीत, हिंदीत, सिनेमात, सगळीकडं आहे. आंटी मात्र नेहमी विनोदी पात्र असते. जाडजूड, शिवराळ, मनानं प्रेमळ. तिनं भट्टी का लावली, नवरा कुठं गेला, हवालदाराला हप्ता किती जायचा, हे तिच्या तोंडून कुणी लिहून घेतलं नाही. आणि हातभट्टीच्या हळव्या आठवणी काढणाऱ्यांनी जून 2015 मधलं मालवणी विसरू नये. विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, बहुतेक मजूर.

गिरणगावातली दुसरी बाई खानावळवाली. एकट्या आलेल्या कामगारांना दोन वेळा जेवू घालणारी. तिचाही धंदा वहीवरच. पगार झाला की पैसे, नाही झाला तर पुढच्या महिन्यात. किराणा मात्र तिला सावकाराच्या पैशानं भरावा लागे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना एकत्र आणून, सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. ही केवढी मोठी गोष्ट आहे! उधारीवर चालणाऱ्या दोन जागा, गुत्ता आणि खानावळ. एकीचा मालक आठवणींत दिलदार ठरतो, कारण तो उधार द्यायचा. दुसरी मालकीणही उधारच द्यायची, पण तिला आपण 'माउली' म्हणून मोकळे होतो. दिलदार म्हटलं की त्याच्याकडं देण्यासारखं होतं असं होतं. माउली म्हटलं की तिच्या पैशाचा प्रश्नच मिटतो.

मराठी साहित्यानं हे पाहिलंच नाही, असं मात्र नाही. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये आलं. त्यात मुंबईतला कावाखाना आहे, गोदीत राबणारा, पिणारा बाप आहे. तिथं हळवेपणाला जागाच नाही, कारण सांगणारा त्या घरातला पोरगा आहे, बापाच्या शेजारी बाकड्यावर बसलेला दोस्त नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 चा. नावातच पिठा आहे. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि यातले कित्येक शब्द आपल्याला कळत नाहीत हे मोकळेपणानं कबूल केलं. मला ती कबुली फार मोलाची वाटते. पुढच्या आठवणीकारांनी त्या वस्तीतलं आपल्याला सगळं कळतं असाच आव आणला.

पण 'गोलपिठा' वाचल्यावर तिथंच थांबू नका. मल्लिका अमर शेख यांचं आत्मकथन 1984 मध्ये आलं, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. गिरणगावच्या चळवळीचा आवाज असलेल्या शाहीर अमर शेख यांची ही मुलगी, आणि ढसाळांची पत्नी. म्हणजे कामगारांची चळवळ, शाहिरी, बंडखोर कविता, हे सगळं तिनं घराच्या आतून पाहिलेलं. बाहेर ज्याच्यासाठी टाळ्या पडतात तो माणूस उंबऱ्याच्या आत कसा असतो, हे तिनं लिहिलं आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली. मी वर्गात सांगायचो, ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. एकानं दुसरं खोटं ठरत नाही. पण एकच वाचलं तर अर्धंच वाचलं.

आणि जयंत पवार. त्यांचं 'अधांतर' 1997 चं. संपानंतरचं गिरणगाव. मला त्या नाटकाची मांडणी नेहमी विचार करायला लावते. सगळं नाटक चाळीतल्या एका खोलीत घडतं. मुलं बाहेर जातात. नाक्यावर, कट्ट्यावर, कुठं कुठं. आपण त्यांच्यामागं जात नाही. आपण आईबरोबर खोलीतच थांबतो, आणि बाहेरचं काय झालं ते पोरं दारातून आत आली की कळतं. लेखकाला नाका माहीत नव्हता का? तो तर तिथलाच. पण त्यानं खुर्ची खोलीत टाकली. माझ्या मते लेखकाचा अर्धा निर्णय इथंच होतो, आपण कुठं बसून लिहितोय यात. बाकड्यावर बसून लिहिलं की एक दुकान दिसतं, दारात उभं राहून लिहिलं की दुसरंच.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखती घेऊन 2004 मध्ये मोठं पुस्तक केलं, मराठीत ते 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या नावानं आहे. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावं, आज वेळ नाही. एवढंच सांगतो की त्यात माणसं आपापल्या तोंडानं बोलतात, आणि तोंडी बोलताना माणूस 'काळाच्या ओघात' असं म्हणत नाही. तो म्हणतो, अमक्यानं बंद पाडलं.

आता माझ्याकडं येतो. पाणी घेतो जरा.

तुमच्यापैकी अनेकांचं कुणी ना कुणी वाळूजला आहे. 1985 मध्ये तिथं बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आसपास छोटे कारखाने उभे राहिले आणि आपल्या तालुक्यातली पोरं ट्रंक उचलून निघाली. रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगर. पत्र्याच्या खोल्या. माझा थोरला भाऊ त्यांतलाच. एका छोट्या कारखान्यात प्रेसवर होता. मी तेव्हा कॉलेजात. सुट्टीत त्याच्याकडं जायचो. नगर रोडला एक बार होता, त्याचं नाव सांगत नाही. संध्याकाळची पाळी सुटली की भाऊ मला तिथं न्यायचा. मी थंड पाण्याची बाटली घ्यायचो आणि ऐकत बसायचो. लातूरचे, बीडचे, बिहारचे लोक. मला आयुष्यात इतकी भाषा एका ठिकाणी कधी ऐकायला मिळाली नाही. खरं सांगतो, मला मराठी विभागात मिळालं नाही ते तिथं मिळालं.

तो बार बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2016 चा आदेश, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. 1 एप्रिल 2017 पासून अंमल. पुढं सवलती आल्या, काही दुकानं परत उघडली, हे नाही उघडलं. दरम्यान भाऊही गेला होता. मी 2018 च्या एका दिवाळी अंकात त्या बारवर लेख लिहिला. तुम्हाला अंदाज आलाच असेल, त्यात गल्ल्यावरचा मालक होता, उकडलेली अंडी होती, एक जण रोज राजकारणावर बोलत होता. आणि शेवटी काळाचा ओघ होता. मला आदेशाची तारीख माहीत असूनही मी ओघ लिहिला. लोकांचे फोन आले, डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. माझ्याही आलं होतं.

अंक वहिनीला दिला. वहिनी सातवी शिकलेली, पण वाचते सगळं. दोन दिवसांनी गेलो तर अंक नीट घडी घालून ठेवलेला. म्हणाली, "भाऊजी, चांगलं लिवलंय. त्यांचा आवाज आला मला." मग भाजी निवडता निवडता, वर न बघता, "पण एक इचारू का? पगाराच्या दिवशी मी त्या दुकानाच्या बाहेर, पंक्चरवाल्यापाशी उभी राह्यचे. एकदा तुमी आतून मला बघितलं व्हतं. ते न्हाई लिवलं?"

मी बघितलं होतं. काचेच्या दारातून. कडेवर पुतण्या होता. मी भावाला काहीच बोललो नाही, आणि चाळीस ओळींचं गल्ल्याचं वर्णन लिहिताना ते मला आठवलंही नाही. विसरलो असं नाही म्हणणार, कारण तिनं म्हटल्याबरोबर सगळं दिसलं, साडीचा रंगसुद्धा. लेखात ते बसत नव्हतं म्हणून आठवलं नाही. आठवणी खोट्या नसतात असं मी मघाशी म्हटलं. पण त्या हुशार असतात.

अशा बायकांचं आपल्या राज्यात एकदा मत मागितलं जातं. उभी बाटली, आडवी बाटली, हे तुम्हाला ठाऊक आहे. गावातलं दुकान बंद करायचं का, यावर बायकांचं मतदान. पण त्यातली मेख अशी की आलेल्या मतांची निम्मी पुरत नव्हती. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागत. म्हणजे जी कामावर गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्यानं जाऊ दिलं नाही, ती सगळी उभ्या बाटलीच्या हिशेबात. तरीही राज्यात कितीतरी गावांत बाटली आडवी झाली. ती दुकानंही आज 'लुप्त' झालेली आहेत. त्यांच्यावर कुणी हळवा लेख लिहिलेला माझ्या वाचनात नाही, आणि ज्यांनी ती बंद केली त्यांची आठवणही कुणी लिहून घेत नाही.

माझी चूक दुरुस्त करायला म्हणून मी वहिनीला म्हटलं, तू सांग, मी लिहून घेतो. ती हसली. म्हणाली, माझं काय सांगायचं? मी पोरांना जेवू घालायचे. खरंच, ती सात-आठ पोरांचे डबे करायची, सगळी वैजापूर-गंगापूरची. भावाच्या पगाराचा भरवसा नव्हता म्हणून. मग ती उठून आत गेली आणि एक वही घेऊन आली. शाळेची दोनशे पानी वही, पुठ्ठा गेलेला. ही बघा, आज मी घेऊन आलोय. नावं वाचणार नाही.

प्रत्येक पानावर एक महिना. डावीकडं पोरांची नावं, वर तारखा. जेवला तर बरोबरची खूण. नाही आला तर 'खा'. खा म्हणजे खाडा. मेसमध्ये जेवलेल्यांना माहीत आहे, खाडा आधी सांगितला तर पैसे कापले जातात. न सांगता मारला तर नाहीत. वहिनी सांगायची, न सांगताच मारायचे सगळे, पण मी कापायचे, पोरं होती.

मी शिक्षक, मला पानं चाळायची सवय. दहा-बारा पानं चाळल्यावर डोळ्यांना एक नक्षी दिसायला लागली. महिनाभर खुणाच खुणा, एखाददुसरा खा. आणि सातपासून दहा तारखेपर्यंत, जवळजवळ प्रत्येक पानावर, खा, खा, खा. आधी कळेना. मग आठवलं, तेव्हा पगाराचा कायदा 1936 चा होता. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत द्यायचा, मोठ्या कारखान्यात दहाच्या आत. छोट्या कारखान्यातली पोरं सातला त्या बारमध्ये बसलेली, मोठ्यातली दहाला. इकडं वहिनी आठ जणांच्या पोळ्या लाटून बसलेली.

मी तो बार इतका रंगवून लिहिला, पण तिथं कोणत्या तारखेला किती गर्दी होती हे मला सांगता आलं नसतं. ते या वहीत आहे. महिन्याच्या सात आणि दहा तारखेच्या खाली, सगळ्यात शेवटच्या ओळीत, माझ्या भावाचंही नाव आहे. त्याचा हिशेब ठेवायचं तिला काही कारण नव्हतं, घरचाच माणूस. तरी तिनं ओळ आखली आहे. इथं बघा, हे पान डिसेंबर 1996 चं. सातला खा, आठला खा, नऊला खूण आहे पण त्यावर परत रेघ मारली आहे. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "आले व्हते. जेवले न्हाईत."

आता तुमचे प्रश्न घेऊ.